मिसळीवर लगेच चहा नको

रविवारी सकाळी गंगापूर रोडला जा, मखमलाबादकडे जा नाहीतर पंचवटीत, नाशिकमध्ये मिसळ खाण्याचा क्रम ठरलेला असतो. मोड आलेली मटकी, रस्सा, पाव, पापड, कांदा, लिंबू, दही आणि ताट उचललं जायच्या आत चहा. चहा-कॉफीच्या गुण-अवगुणांवर बोलताना सगळे जण हृदय, कर्करोग, चरबी इथून सुरुवात करतात. मला मात्र या मिसळीनंतरच्या चहापासून सुरुवात करावीशी वाटते. आपल्याकडच्या बहुतेकांसाठी चहाचा सगळ्यात मोठा, रोज होणारा आणि विनाखर्च टाळता येणारा तोटा इथेच आहे.

१०० ग्रॅम कोरड्या मटकीत साधारण ८ ते १० मिलिग्रॅम लोह असतं. मोड आणल्याने तिच्यातलं फायटेट कमी होतं, म्हणजे लोह अडवून धरणारा एक घटक घटतो. वरून लिंबू पिळलं की त्यातलं क जीवनसत्त्व वनस्पतीतलं लोह शोषायला मदत करतं. लोहाच्या दृष्टीने मिसळ हा चांगला जमलेला पदार्थ आहे. त्यावर लगेच चहा घेतला की चहातली पॉलिफेनॉल्स, ज्यांना आपण ढोबळपणे टॅनिन म्हणतो, पोटातच या लोहाला चिकटतात आणि त्यातलं बरंचसं शोषलं न जाता तसंच बाहेर पडतं. मटणातलं लोह वेगळ्या रूपात असल्यामुळे त्याला याचा फार त्रास होत नाही. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, नागली, बाजरी यांतल्या लोहाला होतो, आणि आपल्या ताटातलं बहुतेक लोह याच पदार्थांतून येतं.

हा परिणाम किती मोठा? १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणाबरोबर घेतलेल्या कपभर कॉफीमुळे लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, तर चहामुळे ६४ टक्क्यांनी. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगाची वाटते. जेवणाआधी एक तास घेतलेल्या कॉफीमुळे शोषण घटलं नाही, पण जेवणानंतर एक तासाने घेतलेल्या कॉफीमुळे जवळपास तेवढंच घटलं. कारण साधं आहे, तासाभराने अन्न अजून पोटातच असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी नंतरचं अंतर दोन तासांचं ठेवावं, असं माझं मत आहे. चहा हवाच असेल तर तो मिसळीच्या तासभर आधी घ्यावा. रांगेत नंबर लावून बसावं लागतं तिथे तर ते सहज जमतं.

दूध घातल्याने चहातलं टॅनिन निकामी होतं, असा एक समज आहे. दुधातल्या प्रथिनांमुळे तुरटपणा कमी होतो हे खरं, पण लोहाच्या शोषणावर दुधाने जवळपास काहीच फरक पडत नाही. कोऱ्या चहाने होतं ते दुधाच्या चहानेही होतं आणि ग्रीन टीनेही होतं. गवती चहा आणि इतर काढ्यांमध्येही पॉलिफेनॉल्स असतात, त्यामुळे ‘हर्बल’ म्हणून ते जेवणासोबत घ्यायला हरकत नाही असं समजू नये.

पुरेसं लोह असलेल्या, मांसाहार करणाऱ्या धडधाकट माणसाला मिसळीनंतरच्या चहाने काही होणार नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया ॲनिमिक आहेत. सुरगाणा, पेठ भागातून द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर येणाऱ्या बायकांची सकाळ बघा. नागलीची भाकरी आणि कोरा चहा, कधी भाकरी चहात बुडवूनच. त्या भाकरीतलं थोडंफार लोहही चहा घेऊन जातो. त्यांना चहा सोडा म्हणणं अन्यायाचं आहे, कारण पहाटेच्या थंडीत कामावर जाताना तेवढीच ऊब मिळते. उठल्याबरोबर चहा आणि तासाभराने बागेवर भाकरी, एवढा बदल मात्र करता येतो. सोबत लिंबाची फोड, कच्चा कांदा किंवा आवळा असेल तर अजून चांगलं.

गरोदर बाईला आशाताई लोहाच्या गोळ्या देतात. पुष्कळदा ती गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली जाते आणि दोन-तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन का वाढत नाही म्हणून चिंता सुरू होते. लोहाची गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाच्या आसपास नको. कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत नको, दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. गोळीने मळमळत असेल तर ती रात्री झोपताना घेता येते. त्या वेळी चहाचा प्रश्नच येत नाही.

आता फायद्यांकडे. २०२२ साली ब्रिटनमधल्या सुमारे ५ लाख लोकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला दोन किंवा जास्त कप चहा पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा ९ ते १३ टक्क्यांनी कमी आढळलं, आणि दूध-साखर घालणाऱ्यांतही हा संबंध दिसला. कॉफीबद्दल पुरावा अधिक भक्कम आहे. यकृताचे आजार, टाइप टू मधुमेह आणि पार्किन्सन्स हे तिन्ही नियमित कॉफी पिणाऱ्यांत कमी दिसतात. मधुमेहाच्या बाबतीत कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीतही तेच दिसतं, म्हणजे तिथला गुण बहुधा कॅफीनचा नाही, बियांतल्या इतर घटकांचा आहे. हे सगळे निरीक्षणातून काढलेले निष्कर्ष आहेत, त्यातून कारण सिद्ध होत नाही. म्हणून आधीच चहा-कॉफी पिणाऱ्याने निश्चिंत राहावं, पण न पिणाऱ्याने औषध म्हणून सुरू करू नये. आणि ब्रिटनमध्ये चहा म्हणजे उकळतं पाणी ओतून मुरवलेला, वरून थोडं दूध घातलेला कप. तो अभ्यास आपल्या दहा मिनिटं उकळलेल्या, दोन चमचे साखरेच्या चहाला जसाच्या तसा लावता येत नाही.

साखरेचा हिशोब करून बघा. सपाट चमचा म्हणजे ४ ग्रॅम, शीग लावून ५-६. चार चहा आणि प्रत्येकात दोन शिगेचे चमचे म्हणजे दिवसाला ४० ग्रॅमच्या पुढे साखर फक्त चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी असं सुचवते. चहाच्या पॉलिफेनॉल्सनी जे काही मिळायचं ते इथे निघून जातं. सोबतची खारी, टोस्ट आणि बिस्किटं अजून या हिशोबात धरलेलीच नाहीत.

साखर कमी करायची तर चहा करण्याची पद्धत आधी बदलावी लागते, आणि हे फार कमी जण सांगतात. पावडर जितकी जास्त वेळ उकळेल तितका कडू-तुरटपणा उतरतो, आणि तो झाकायला साखर वाढवावी लागते. सीटीसी चहा, म्हणजे बारीक दाणेदार पावडर, मुळात झटपट रंग सोडण्यासाठीच बनवलेली असते. तिला दहा मिनिटं उकळायची गरज नाही. दोन कपांसाठी २०० मिली पाण्याचं आधण ठेवा. अर्धा इंच आलं ठेचून आधी पाण्यात घाला आणि तीनेक मिनिटं उकळू द्या. कच्च्या आल्यात दूध फाडणारं एक एन्झाइम असतं, ते या उकळीत निकामी होतं. दूध घातल्यावर आलं टाकलं तर चहा नासतो तो याच कारणाने. मग दोन सपाट चमचे पावडर, म्हणजे ४ ते ५ ग्रॅम, घालून एक ते दीड मिनिट उकळा. १२० मिली आधी तापवलेलं दूध घाला, दोन उकळ्या येऊ द्या, गॅस बंद करून झाकण ठेवा आणि दीड-दोन मिनिटं मुरू द्या. बाफ होऊन उरतो त्यात दोन कप बरोबर भरतात. फ्रीजमधलं गार दूध घातलं तर पुन्हा उकळी येईपर्यंत पावडर विनाकारण शिजत राहते आणि कडवटपणा येतो.

साखर पातेल्यात न टाकता कपात घाला. प्रत्येकाला आपलं माप कळतं, आणि घरातल्या एकाला मधुमेह असेल तर वेगळा चहा करावा लागत नाही. दर आठवड्याला पाव चमचा कमी करत गेलात तर जीभ महिना-दीड महिन्यात जुळवून घेते. एकदम बंद केलं की बहुतेक जण चार दिवसांत परत येतात.

गुळाचा चहा म्हणजे आरोग्याचा चहा, हा समज सध्या जोरात आहे. कॉलेज रोडपासून नाशिक रोडपर्यंत त्याच्या पाट्या दिसतात. गूळ आणि साखर यांच्या कॅलरीत फरक नगण्य आहे आणि रक्तातली साखर दोन्ही वाढवतात. मधुमेही माणसाने गुळाचा चहा मोकळेपणाने पिणं धोक्याचं आहे, यात मला जराही शंका नाही. गुळातल्या लोहाचं सांगाल, तर चमचाभर गुळात ते असतं किती, आणि त्यातलं चहा शोषू देतो किती! चव आवडते म्हणून प्यावा, ती खरंच छान लागते. फक्त गुळातल्या आम्लामुळे आणि क्षारांमुळे उकळतं दूध फाटतं, म्हणून चहा गाळून घेतल्यावर कपात किसलेला गूळ घालावा, पातेल्यात नको.

एकदा केलेला दुधाचा चहा दुपारपर्यंत ठेवून पुन्हा उकळू नये. चोथा तसाच राहिला असेल तर तुरटपणा वाढतो, आणि कोमट दुधाच्या चहात चार-पाच तासांत जंतू वाढायला भरपूर वाव मिळतो. सकाळी जास्त करायचाच असेल तर लगेच गाळून चांगल्या थर्मासमध्ये भरा.

गरमपणाबद्दलही सांगायला हवं, कारण हा भाग बहुतेकांना माहीतच नसतो. २०१६ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कॉफीला कर्करोगाच्या संशयातून जवळपास मोकळं केलं, पण ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात असं वर्गीकरण केलं. दोष पेयाचा नाही, चटक्याचा आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं आणि गाळून लगेच हातात आलेला चहा ७५-८० अंशांच्या आसपास असतो. जुनी माणसं चहा बशीत ओतून पितात ते शास्त्राला धरून आहे. बशीत चहा पसरतो आणि पटकन पिण्याजोगा होतो. कपातूनच प्यायचा असेल तर चार-पाच मिनिटं थांबा. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली जातो तेव्हा थांबवत नाही हे कळतं, पण तेव्हा तरी बशी घ्यावी. तंबाखू, मिश्री किंवा दारूची सवय असेल तर हे आणखी काटेकोरपणे पाळावं, कारण अन्ननलिकेला धोका त्यांचाही असतो आणि तो एकमेकांत भर घालतो.

कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की गरम पाणी अशा कपात १५ मिनिटं ठेवलं तर १०० मिलीमध्ये सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात. शरीरात त्यांचं पुढे काय होतं यावर काम चालू आहे. तरी टपरीवर काचेचा ग्लास मागणं सोपं आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि बाजारपेठेतल्या दुकानांत चहा प्लास्टिकच्या पिशवीत पार्सल जातो, ती सवय तर मोडायलाच हवी. स्टीलची किटली एकदाच घ्यावी लागते.

आपल्या घरांत कॉफी बहुतेक इन्स्टंट असते, पाहुण्यांसाठी जायफळ-वेलदोडा घालून केलेली. एक सपाट चमचा इन्स्टंट पावडर, दीड चमचा साखर आणि चमचाभर पाणी फेटून वर गरम दूध ओतलं की छान फेस येतो. हा फेस बराचसा साखरेवर उभा असतो, म्हणून बिनसाखरेची कॉफी फेटूनही तसा दाट येत नाही. जायफळ किसणीवर दोन-तीनदा फिरवण्याइतकंच हवं. जास्त घातलं तर गुंगी, उलट्या, छातीत धडधड होऊ शकते. झोप यावी म्हणून रात्रीच्या कॉफीत जायफळ वाढवणं दोन्ही बाजूंनी चूक आहे, कारण कॉफी झोप उडवते आणि जायफळाचं माप चुकलं तर ते अंगावर येतं.

फिल्टर कॉफी घरी करायची असेल तर वरच्या भांड्यात २० ग्रॅम पावडर घाला, चकती हलक्या हाताने बसवा, आधी दोन चमचे गरम पाणी टाकून अर्धा मिनिट थांबा आणि मग १०० ते १२० मिली पाणी गोलाकार ओता. पाणी उकळून अर्धा मिनिट निवलेलं असावं. १५-२० मिनिटांत डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, खालच्या भांड्यात उतरतं. उतरतच नसेल तर पावडर फार बारीक आहे किंवा चकती जोरात दाबली गेली आहे. दोन मिनिटांत सगळं खाली आलं तर पावडर जाडी आहे, डिकॉक्शन पाणचट लागेल. पाकिटावर चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पावडरीचं, प्रमाण लिहिलेलं असतं, ते ४९ टक्क्यांपर्यंत चालतं. चिकोरीत कॅफीन नसतं, त्यामुळे अशा कॉफीचा जोर कमी आणि रंग जास्त. सुट्या पावडरीत चिकोरी आहे का हे पाहायला चिमूटभर पावडर गार पाण्याच्या ग्लासात सोडा. कॉफी वर तरंगते, चिकोरी रंगाच्या रेषा सोडत खाली बसते. सुट्या चहालाही साधी परीक्षा आहे. ओल्या गाळण कागदावर पत्ती पसरून बघा, लगेच ठळक डाग पडले तर रंग मिसळलेला आहे. चहावरून चुंबक फिरवलं की लोखंडाचा कीस असेल तर तो चिकटतो.

कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर पावडर पाण्यात उकळून केलेली आणि न गाळलेली कॉफी टाळावी. तिच्यातला कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी फिल्टर तो जवळपास सगळा अडवतो, धातूचा फिल्टर तितका अडवत नाही, आणि इन्स्टंटमध्ये तो नगण्य असतो.

कॅफीनचं माप पोषण संस्थेच्या त्याच मार्गदर्शिकेत आहे. १५० मिली कपाला चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, फिल्टर कॉफीत ८० ते १२०, आणि दिवसाची मर्यादा ३००. गरोदरपणात २०० च्या आत राहावं, कारण त्या काळात कॅफीन शरीरातून फार हळू निघतं. एरवी प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मं निघून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कडक चहातलं निम्मं रात्री अकराला अंगातच असतं. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं तरी झोप तासाभराहून जास्त घटली. ‘मला चहाने काही होत नाही, प्यायल्यावरही झोप लागते’ असं म्हणणाऱ्यांना झोप लागते, पण ती उथळ असते आणि सकाळी पुन्हा चहाशिवाय डोळे उघडत नाहीत. रात्रपाळीवाल्याने चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात घ्यावा. सकाळी सातला सुटून नऊला झोपायचं असेल तर पहाटे तीननंतर चहा नको. पहाटे पाचची ती ठरलेली किटली दिवसाची झोप खाते.

चहा एकदम सोडला तर बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं. निर्जळी उपवासाच्या दिवशीची डोकेदुखी पुष्कळदा भुकेची नसून चहाची असते. उपवासाआधी चार-पाच दिवस दर दोन दिवसांनी एक कप कमी करत आणलं तर ती टळते.

ग्रीन टीने वजन उतरतं हे मनातून काढून टाका, परिणाम इतका किरकोळ आहे की काट्यावर दिसत नाही. चवीसाठी प्यायचा तर ७५-८० अंशांच्या पाण्यात दोन ते तीन मिनिटं ठेवून पत्ती काढा. उकळत्या पाण्यात तो कडू होतो आणि मग लोक मध घालत सुटतात. त्याच्या अर्काच्या गोळ्या मात्र घेऊच नयेत. जास्त मात्रेत त्यांनी यकृताला इजा झाल्याचं आढळलं आहे. गवती चहात कॅफीन नसतं, संध्याकाळसाठी तो उत्तम आहे. कुंडीतही येतो, दोन पाती पुरतात. दहा वर्षांखालच्या मुलांना दुधाला रंग म्हणून चहा घालून देऊ नये, वाढीच्या वयात त्यांना लोहाची गरज असते.

औषधांचं थोडं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन अर्धा ते एक तास चहा-कॉफी थांबवावी, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही आणि डॉक्टर विनाकारण मात्रा वाढवतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं प्रतिजैविक चालू असताना कॅफीन शरीरात जास्त वेळ राहतं, हात थरथरले किंवा धडधड झाली तर ते दिवस चहा निम्मा करावा. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको. आणि उपाशीपोटी साखर तपासायला जाताना बिनसाखरेचा कोरा चहासुद्धा चालत नाही, फक्त पाणी चालतं. प्रयोगशाळेत विचारलं तर ‘थोडासाच घेतला होता’ असं सांगू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.